यात्रेतील पाल आणि विजेची तार

कार्तिक पौर्णिमा जवळ आली की माणदेशातील वाटा आटपाडीकडे वळू लागतात. श्री उत्तरेश्वराच्या यात्रेस येणारा भाविक एकटा येत नाही. त्याच्यासमवेत त्याचे कुटुंब येते, शेळ्यामेंढ्या येतात, आणि चार दिवसांचा संसारही येतो. पूर्वी बैलगाडी सोडून तिच्या आडोशाला घोंगडे ताणले की बिऱ्हाड उभे राही. आज बैलगाडीच्या जागी मालमोटार वा टेंपो आला आहे. त्याच्या फळीस ताडपत्रीची एक कड बांधावी, दुसरी कड दोन बांबूंवर उचलून धरावी, की पाल तयार. खरसुंडीच्या श्री सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत खिल्लार जनावरे घेऊन येणाऱ्यांचे बिऱ्हाड याहून निराळे नसते, आणि पंढरीच्या वाटेवरील दिंड्यांचा मुक्कामही पुष्कळदा असाच पडतो.

या पालात आता दिवा हवा, भ्रमणध्वनी भारित करावयास हवा, आणि मिठाईच्या वा खेळण्यांच्या दुकानाचे पाल असेल तर झगझगाटही हवा. त्यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप आहे तो वीज पालात ज्या रीतीने येते त्या रीतीला. शेजारच्या दुकानातून दोन पदरी बारीक तार ओढावयाची, तिची उघडी टोके खोबणीत काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवावयाची, जोडावर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळावयाचा, आणि ती तार मोटारीच्या लोखंडी फळीवरून आत न्यावयाची. काही ठिकाणी तर वाहिनीवर सरळ आकडाच टाकला जातो. वीज कायदा 2003 च्या कलम 135 अन्वये ती चोरी ठरते. आणि देवाच्या यात्रेत चोरीच्या उजेडात बसणे भाविकाला शोभत नाही, हे सांगण्यास कायद्याचीही गरज नाही.

परंतु वीज रीतसर घेतली म्हणजे भय संपले असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. मालमोटार रबरी चाकांवर उभी असते. फळीवर घासून तारेचे वेष्टन फाटले आणि आतील तांबे लोखंडाला लागले, तर सारी मोटार 230 व्होल्टच्या दाबाखाली येते. जमिनीशी तिचा संपर्क नसल्याने प्रवाह वाहत नाही, ठिणगी उडत नाही, फ्यूज जात नाही. दिवा पूर्वीसारखाच जळत राहतो. कार्तिकातील पहाटे दहिवराने माती ओली झालेली असते. घरची माउली अनवाणी उठते, पाण्याची घागर उतरविण्यासाठी फळीला हात लावते, आणि विजेला जमिनीत जाण्याचा पहिला मार्ग सापडतो तो तिच्या देहातून.

“फ्यूज आहे ना?” असे आम्हांस नेहमी विचारले जाते. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. पाच किंवा सोळा अँपियर प्रवाह ओलांडल्यावाचून तो हालत नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडविण्यास त्याचा अत्यल्प अंश पुरतो. मग मोटारीजवळ लोखंडी सळई ठोकून भूसंपर्क दिला तर? तो द्यावाच, पण आमचा मुलूख कोरडा, माती उथळ, खाली मुरूम. अशा जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध 50 ओहम असला, तर बिघाडाच्या वेळी तिच्यातून जेमतेम साडेचार अँपियर प्रवाह जाईल. सोळा अँपियरचा खटका त्याने कधीच पडणार नाही, आणि मोटारीचे लोखंड जिवंतच राहील. सळईभोवती पाणी, मीठ व कोळसा घातल्याने रोध कमी होतो. तरी केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे.

यावर उपाय आहे, आणि तो बाजारात सहज मिळतो. जाणारा व परतणारा प्रवाह सतत ताडून पाहणारा, गळती आढळताच जोडणी तोडणारा खटका. वायरमन मंडळी त्याला आरसीसीबी म्हणतात. 30 मिलीअँपियरचा खटका घ्यावा. एवढी गळती होताच तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत प्रवाह थांबवितो. तो पालात नव्हे, तर तार जेथून निघते त्या मुखाशी बसवावयाचा असतो, म्हणजे वाटेतील सारी तारही त्याच्या पहाऱ्यात येते. तीन पदरी, रबरी वेष्टनाची अखंड तार घ्यावी. गुंडाळीवर ठेवून वापरू नये, कारण गुंडाळलेली तार तापते. चटईखालून वा चुलीजवळून तिला नेऊ नये, आणि बोर्ड जमिनीवर ठेवू नये.

लहान पालाला तर 230 व्होल्टची गरजच काय, असा आमचा प्रश्न आहे. टेंपोच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर, योग्य फ्यूज घालून, एक छोटा एलईडी दिवा रात्रभर जळू शकतो. मेंढरांमागे फिरणाऱ्या कित्येक धनगर बांधवांनी सौर कंदील केव्हाच जवळ केला आहे. या बाबतीत ते दुकानदारांच्या पुढे आहेत, असे आम्हांस वाटते.

मुक्या जनावरांचाही विचार व्हावा. तुटलेली तार ओल्या मातीत पडली तर जमिनीत दोन जागी दाबाचा फरक निर्माण होतो. माणसाची दोन पावले जवळ असतात. खिल्लार बैलाचे पुढचे व मागचे पाय चांगलेच दूर. म्हणून तो आधी कोसळतो.

मोठ्या मंडपांचे प्रश्न याहून थोडे वेगळे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाच्या मंडपास विजेच्या बिघाडाने आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुसंख्य मुले होती. एप्रिल 2022 मध्ये तंजावरजवळ देवाचा रथ उच्च दाबाच्या वाहिनीस लागून अकरा भाविक मृत्यू पावले. कापडाला टेकलेला हॅलोजन आणि वाहिनीखाली उभारलेली कमान आपल्याकडेही दिसत नाहीत असे कोण म्हणेल?

“देव राखील” असे म्हणणाऱ्यांच्या श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. पण त्याच घरात समई वस्त्रापासून दूर ठेवली जाते, निरांजन लहान मुलाच्या हाती एकट्याने दिले जात नाही. ही सावधगिरी श्रद्धेच्या आड कधी आली नाही. ज्योत डोळ्यांना दिसते, तारेतील वीज दिसत नाही, एवढाच फरक.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. असा खटका दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. एका ओळीतील दहा पालांना तो वाटून घेता येतो. यात्रा भरविणाऱ्या मंडळींनी जागाभाड्यातच ही रक्कम धरावी, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, प्रत्येक ओळीस खांबावर उंच, पावसापाण्यापासून झाकलेला एक बोर्ड द्यावा, आणि परवानाधारक वायरमनवाचून कोणासही त्यास हात लावू देऊ नये. स्वागतकमानी एकदोन कमी झाल्या तरी उत्तरेश्वर रुसणार नाही.

या खटक्यावर चाचणीची एक छोटी कळ असते. रोज सायंकाळी, त्रिपुराच्या वाती लावण्यापूर्वी, ती एकदा दाबावी. खटका पडला तर ठीक. न पडला तर तो बदलेपर्यंत त्या ओळीस वीज देऊ नये, मग दुकानदारांनी कितीही गलका केला तरी.