अपमानाची दाद कोठे मागायची?

नळदुर्गचे नाव निघाले, की किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल आठवतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील या गावात दुकाने, धाबे, खाजगी शाळा, दवाखाने यांतून राबणारा नोकरवर्ग मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. अशा जागी माणसे बहुधा दोन-चारच. संघटना नाही, नेमणुकीचे पत्र नाही. मर्जीतून उतरलेल्याला बडतर्फ करण्याचीही तसदी मालकाला घ्यावी लागत नाही. पगार लांबतो, चारचौघांत पाणउतारा होतो आणि एके दिवशी त्याच्याच हस्ताक्षरातील राजीनामा मालकाच्या हाती पडतो.

महाराष्ट्र या बाबतीत मागे राहिला, असे नाही. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा या राज्याने 1971 सालीच केला. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात तशी तरतूद होण्यास 1982 साल उजाडले. सूडबुद्धीने कामावरून काढणे, आकसाने बदली करणे, वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाचा हक्क बुडविणे, हे सारे राज्याने अनुचित ठरविले. एकट्या कामगारालाही 90 दिवसांत तक्रार करण्याची मुभा दिली. पण या कायद्याच्या डोळ्यांसमोर होता तो गिरणी-कारखान्यातला कामगार. मारहाण त्याला दिसली, रोजचा अपमान दिसला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही जुनीच यादी पुढे चालविली.

अपमानाची व्याख्या करता येत नाही, ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि 2013 च्या कायद्याने, लैंगिक छळापुरती का होईना, स्त्रीच्या आरोग्यास बाधक ठरणारी मानहानीकारक वागणूक शब्दांत पकडली. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांसाठी जिल्ह्याला स्थानिक समितीही दिली. तेच शब्द आणि तीच समिती प्रत्येक नोकरदाराला खुली करण्यास हरकत कोणती? खोट्या तक्रारी येतील, असे मालकवर्ग म्हणेल. त्या दिवाणी न्यायालयांतही येतात. म्हणून कोणी न्यायालयांना कुलूप लावलेले नाही.

समिती मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसून भागणार नाही. नळदुर्ग हे एकेकाळी स्वतःच जिल्ह्याचे ठाणे होते; आज तेथील माणसाला तुळजापूर ओलांडून धाराशिव गाठावे लागते. महिन्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या सुट्टीचा, समितीने नळदुर्गात बसावे. एरवी तक्रार नोंदविण्यासाठी लागणारी रजा त्याने, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याकडेच मागायची काय?