काढताना विचारून काढा

गेल्या पावसाळ्यात उर्से टोलनाक्याजवळच्या एका लहान कारखान्याने मला बोलावून घेतले. वाहनांचे प्लास्टिकचे भाग बनवणारे हे युनिट. मोल्डिंग मशिनच्या नोंदी ठेवणारे जुने विंडोज सॉफ्टवेअर त्यांनी केव्हीएमवरच्या एका व्हीएममध्ये हलवले होते. नोंदींची डिस्क भरत आली, तो सोमवार होता. सुट्टी गुरुवारी आणि तिन्ही पाळ्या चालू, त्यामुळे मशिन बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. रात्रपाळीच्या मुलाने चालू व्हीएमला नवी डिस्क जोडली, ती लगेच दिसली. मग जुनी काढण्यासाठी त्याने ‘डिव्हाइस_डेल’ ही आज्ञा दिली. उत्तरात रिकामा महिरपी कंस आला, म्हणजे चूक काही नाही. त्याने होस्टवरून जुनी डिस्क उपसली. आतल्या सॉफ्टवेअरने त्या डिस्कवरची फाइल उघडी धरली होती. विंडोजने डिस्क सोडायला नकार दिला होता, पण तो नकार त्या मुलापर्यंत पोचलाच नाही. दोन तासांच्या नोंदी गेल्या.

त्या मुलाला बोल लावायला मी तयार नाही. आज्ञेच्या नावात ‘डेल’, म्हणजे ‘डिलीट’ आहे आणि उत्तर होकाराचे आहे. कुणीही तेच समजला असता.

केव्हीएमवरच्या व्हीएमला आभासी उपकरणे पुरवणाऱ्या क्यूएमूमध्ये ‘डिव्हाइस_डेल’ ही खरे तर गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या प्रणालीला, केलेली विनंती आहे. क्यू३५ या आभासी मशिन-प्रकारावर पीसीआय-एक्स्प्रेसच्या मूळ पद्धतीने काम चालते, तेव्हा क्यूएमू रूट पोर्टवरचे बटण दाबल्याचा आभास निर्माण करतो. गेस्टचा ड्रायव्हर ते पाहतो, पॉवरचा दिवा लुकलुकवतो, 5 सेकंद थांबतो आणि मग स्लॉटची वीज बंद करतो. तेवढे झाल्यावरच क्यूएमू उपकरण मोडीत काढतो. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या 6.1 आवृत्तीपासून क्यू३५वर एसीपीआयचा मार्ग प्रमाण ठरला. वाट बदलली, तरी शेवटचा शब्द गेस्टचाच राहिला. गेस्ट अजून बूट होत असेल तर विनंती ऐकायला आत कुणीच नसते. उपकरण खरोखर गेले, याचा पुरावा एकच: ‘डिव्हाइस_डिलीटेड’ ही घटना. ती येईपर्यंत मागची फाइल हलवू नये, आणि तीच आयडी दुसऱ्या उपकरणाला देऊ नये.

होस्ट आणि गेस्टमधला हा संवाद नीट कसा बांधावा, याचे मला सर्वात आवडणारे उदाहरण उर्सेपासून फार दूर नाही. रेड हॅटच्या पुण्यातील अभियांत्रिकी चमूतून होस्ट-गेस्टमध्ये माहिती नेणाऱ्या व्हर्टआयओ-सिरियल या आभासी उपकरणाचे बरेचसे काम झाले आणि 2010 मध्ये ते फेडोरा 13 मधून लोकांपर्यंत पोचले. एकाच उपकरणावर अनेक पोर्ट, आणि तेही चालू गेस्टमध्ये जोडता-काढता येणारे. त्यासाठी एक स्वतंत्र नियंत्रण-रांग आहे. गेस्ट आधी ‘मी तयार आहे’ असे कळवतो, होस्ट ‘अमुक पोर्ट आला’ असे सांगतो, गेस्ट ‘पोर्ट तयार’ असे उलट कळवतो. पोर्ट काढताना एखाद्या प्रोग्रामने तो उघडून ठेवला असेल, तर गेस्टचा कर्नल त्या पोर्टची रचना लगेच फेकून देत नाही. वाट पाहत बसलेल्या प्रोग्रामला जागे करतो, ‘उपकरण नाही’ ही त्रुटी देतो, आणि शेवटचा हात सुटल्यावरच स्मृती मोकळी करतो. यातली काळजी पाहण्यासाठी व्हर्टआयओ-सिरियलचा ड्रायव्हर मी आजही नव्या मुलांना वाचायला देतो.

आपल्यापैकी जे उपकरणांची मॉडेले लिहितात, त्यांच्याशी मला स्पष्ट बोलायचे आहे. उपकरण उभे करणारे ‘रिअलाइझ’ लिहिताना सगळे मन लावतात, ते मोडणारे ‘अनरिअलाइझ’ मात्र शेवटच्या संध्याकाळी उरकले जाते. मागे टायमर चालू राहतो, बॉटम-हाफ रांगेत राहतो, स्मृतीचा प्रदेश कुणाच्या तरी हातात राहतो, आणि मोकळ्या केलेल्या स्मृतीत कुणीतरी लिहून जातो. गेस्टमधल्या परक्या कोडला होस्टमध्ये शिरायची फट अशाच जागी सापडते. उपकरण शंभर वेळा जोडून शंभर वेळा काढणारी, आणि आत काम चालू असताना काढणारी चाचणी सोबत नसेल, तर माझ्या मते तो पॅच स्वीकारूच नये.

आणि जे व्हीएम चालवतात, त्यांची तयारी मशिन सुरू करण्याआधीच व्हावी लागते. क्यू३५च्या मूळ बसवर हॉटप्लग होत नाही. मोकळे रूट पोर्ट आधीच देऊन ठेवावे लागतात आणि एका पोर्टवर एकच उपकरण बसते. स्मृतीसाठी स्लॉटची संख्या व कमाल मर्यादा, प्रोसेसरसाठी कमाल संख्या, हेही आधीच ठरते. लाइव्ह मायग्रेशन चालू असताना जोडाजोडी करता येत नाही. नंतर जोडलेली उपकरणे पलीकडच्या मशिनवर त्याच पत्त्यांवर हवीत, हे तर हमखास विसरले जाते.

उर्सेच्या कारखान्यात आता एक छोटी स्क्रिप्ट आहे. विनंती पाठवून ती घटनेची मिनिटभर वाट पाहते. घटना आली नाही तर पडद्यावर मराठीत ओळ येते: ‘डिस्क अजून वापरात आहे, हात लावू नका.’ ती ओळ त्याच मुलाने लिहिली आहे.