ग्वांगझोऊला जाताय? आधी बाजार ठरवा, मग हॉटेल



चीनमधून माल आणायचा विषय निघाला की ग्वांगझोऊचं नाव येतंच. आणि ग्वांगझोऊ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, तिथे सगळ्यात स्वस्त हॉटेल कोणतं?"

माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्नच उलटा आहे. तुम्ही तिथे फिरायला जात नाही, खरेदी करायला जाताय. म्हणून पहिला प्रश्न "मला कोणत्या बाजारात काम आहे?" हा हवा. त्याचं उत्तर मिळालं की हॉटेल आपोआप चार-पाच पर्यायांवर येतं. त्यातलं स्वस्त घ्या, माझी काही हरकत नाही.

आधी हिशोब करू

समजा एक खोली शहराबाहेर १८० युआनला मिळते आणि दुसरी कामाच्या मेट्रो लाइनवर ३०० युआनला. सहा रात्रींचा फरक ७२० युआन. एक युआन साधारण बारा रुपये धरला तर साडेआठ-नऊ हजार रुपये. लहान उद्योजकाला ही रक्कम लहान नाही, मला मान्य आहे.

आता दुसरी बाजू बघा. विमान, व्हिसा, राहणं, खाणं मिळून ट्रिपचा खर्च समजा १,२०,००० रुपये आला आणि प्रत्यक्ष कामाचे दिवस पाच. म्हणजे कामाचा एक दिवस तुम्हाला २४,००० रुपयांना पडला. कँटन फेअर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा चालतं, म्हणजे दिवसाला साडेआठ तास. लांबच्या हॉटेलमुळे रोज दोन तास जास्त प्रवासात गेले तर पाच दिवसांत दहा तास गेले. एका पूर्ण दिवसापेक्षा जास्त. नऊ हजार वाचवायला चोवीस हजारांचा दिवस घालवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

काही जण म्हणतील, "हॉटेल काय, झोपायलाच तर लागतं." पर्यटकासाठी ते खरं आहे. व्यापाऱ्यासाठी खोली म्हणजे ऑफिस. दिवसभरात गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं, कॅटलॉग, सॅम्पल, कोणी कोणता भाव सांगितला, किमान ऑर्डर किती, हे सगळं रात्री बसून लावावं लागतं. हे काम त्याच रात्री झालं नाही तर तिसऱ्या दिवशी कोणता भाव कोणाचा, हे तुम्हालाच आठवत नाही. त्यासाठी टेबल, नीट उजेड, चालणारं इंटरनेट आणि अंगात थोडी ताकद शिल्लक लागते.

उलट टोकालाही जाऊ नका. सप्लायरवर छाप पडावी म्हणून चार-स्टार हॉटेल घ्यायची गरज नाही. त्याला तुमची क्वांटिटी आणि स्पेसिफिकेशन समजून घ्यायचं असतं, तुमची लॉबी बघायची नसते.

फुकटात मिळणारी खोली सगळ्यात महाग

"आमच्याकडून माल घ्या, राहायची सोय आम्ही करतो" असं सांगणारे एजंट भेटतील. नवीन माणसाला ही मोठी मदत वाटते. पण विचार करा, त्या खोलीचे पैसे कोण भरतंय? एजंटचं उत्पन्न बऱ्याचदा सप्लायरच्या कमिशनमधून येतं. त्याच्या खोलीत राहिलात, त्याच्या गाडीत फिरलात, की तो नेईल त्याच दुकानांत तुम्ही जाणार. संध्याकाळी एकट्याने बाजारात जाऊन दुसरा भाव विचारायची मोकळीक जाते. तुलना करता आली नाही तर तुम्ही चीनला गेलात कशासाठी? ज्याच्याकडून भाव घ्यायचाय, त्याच्या उपकाराखाली राहू नका.

ग्रुप टूरने जाणार असाल तर पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव, पत्ता आणि जवळचं मेट्रो स्टेशन लेखी मागा. "फेअरजवळच आहे" हे उत्तर चालणार नाही.

काम कुठे, राहणं कुठे

कँटन फेअर १९५७ पासून भरतंय. आता ते पाझोऊच्या संकुलात असतं. मेट्रोची लाइन ८, स्टेशनं शिनगांग दोंग आणि पाझोऊ. संकुलाला लागून असलेली हॉटेलं फेअरच्या दिवसांत परवडत नाहीत. मग त्याच लाइन ८ वर पश्चिमेला सरका: केत्सुन, लूज्यांग, झोंगदा, श्याओगांग, चांगगांग. इथून गाडी न बदलता थेट फेअरला पोचता. शिवाय झोंगदाला मोठा कापड बाजार आहे. कापड, लेस, बटणं, झिपवाल्यांचं काम तर दारातच.

बॅगा आणि लेदरचं काम असेल तर सानयुआनली आणि मुख्य रेल्वे स्टेशनचा परिसर बघा. तयार कपड्यांचा बायमा बाजारही रेल्वे स्टेशनसमोरच. इथे लाइन २ आणि ५ लागतात. खेळणी, गिफ्ट, सजावटीचं सामान हवं असेल तर यीद लू, लाइन ६.

श्याओबेई आणि ताओजिन हा लाइन ५ वरचा भाग परदेशी व्यापाऱ्यांच्या सवयीचा आहे. आफ्रिका, अरब देश, भारत, सगळीकडचे लोक दिसतात. भारतीय जेवण मिळतं, रिसेप्शनला पासपोर्टची सवय असते. पहिलीच ट्रिप असेल, सोबत शाकाहारी पार्टनर असेल आणि मुख्य काम बाजारांत असेल, तर मी हा भाग सुचवेन. पण रोज फेअरलाच जायचं असेल तर इथून गाडी बदलावी लागते. लाइन ३ गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या लोकलवाल्यांना काही वाटणार नाही, पण हातात सॅम्पलच्या पिशव्या असतील तर वाटेल.

तारखा बघून दर बघा

फेअर वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत असतं. वसंतात १५ ते १९ एप्रिल, २३ ते २७ एप्रिल आणि १ ते ५ मे. शरद ऋतूत १५ ते १९ ऑक्टोबर, २३ ते २७ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. ढोबळ मानाने पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि मशिनरी, दुसऱ्यात घरगुती वस्तू, गिफ्ट, फर्निचर, तिसऱ्यात कपडे, चपला, खेळणी. आपला टप्पा न बघता बुकिंग करणारा माणूस महाग दरात चुकीचा माल बघून परत येतो.

फेअरच्या दिवसांत शहरभर दर चढतात, म्हणून लवकर बुक करा, रद्द करता येईल असंच बुक करा. तुमचं काम फेअरमध्ये नसून फक्त होलसेल बाजारात असेल तर त्या तारखा टाळाच. तेच हॉटेल बरंच कमी दरात मिळेल. पण चिनी नववर्षाच्या सुट्टीत आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात जाऊ नका. बाजार बंद असतील तर स्वस्त खोलीचं करायचं काय?

बुक करण्याआधी एवढं तपासा

एक, परदेशी पाहुणे घेतात का. चीनमध्ये परदेशी माणसाची राहण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. परदेशी पाहुण्यांना परवान्याचं कारण सांगून नाकारू नये असं चीन सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, तरी छोट्या हॉटेलच्या स्टाफला पासपोर्टची नोंद करता येईलच असं नाही. आधी मेसेज करून विचारा. फ्लॅट किंवा ओळखीच्याच्या घरी राहिलात तर नोंदीची जबाबदारी तुमची.

दोन, खोलीला खिडकी आहे का. बजेट हॉटेलांत सगळ्यात स्वस्त खोली पुष्कळदा बिनखिडकीची असते. एक रात्र ठीक आहे, सहा रात्री नाही.

तीन, लिफ्ट आहे का. राहत्या इमारतीत वरच्या मजल्यावर चालणारी गेस्ट हाउसं असतात. वीस किलो कॅटलॉग घेऊन जिना चढून बघा.

चार, पार्सल घेतात का. सप्लायर कुरिअरने सॅम्पल हॉटेलवर पाठवतात. रिसेप्शनने ते ठेवून घेतलं तर तुमची अर्धी पायपीट वाचते.

पाच, डिपॉझिट किती. चेक-इनला बरीच हॉटेलं मागतात, जाताना परत देतात. अलिपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड घरूनच जोडून घ्या आणि थोडी रोख ठेवा.

सहा, मेट्रो किती चालत. दहा मिनिटांच्या पुढे नको. गुगल मॅप्स आणि व्हॉट्सअॅप तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, म्हणून रोमिंगची सोय करा आणि हॉटेलचा चिनी भाषेतला पत्ता मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून उपयोग होत नाही.

नावंच हवी असतील तर हानतिंग, होम इन, जिनज्यांग इन, सेव्हन डेज या साखळ्या शोधा. सेव्हन डेज तर २००५ मध्ये ग्वांगझोऊतच सुरू झाली. खोल्या लहान, गाद्या कडक, पण पाणी गरम करायची किटली जवळपास सगळीकडे. उपम्याचं प्रीमिक्स आणि खाकरा बॅगेत असेल तर नाश्त्याचे वेगळे पैसे भरू नका. तिथल्या भाताच्या पेजेतही मांस असू शकतं.

शेवटी एवढंच. आज हॉटेलची वेबसाइट उघडू नका. एक कागद घ्या. त्यावर लिहा: मला कोणती वस्तू हवी, ती कोणत्या बाजारात मिळते, तिथे कोणती मेट्रो लाइन जाते. या तीन ओळी भरता येत नसतील तर तुम्ही हॉटेल बुक करायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तिकीट काढायलाही नाही. भरता आल्या, तर खोली शोधायला अर्धा तास पुरेल.