गांजा, नियम आणि रुग्ण

भिलाईच्या कुरुद भागातील एखाद्या मराठी गृहस्थाला मज्जातंतूंची जुनाट वेदना आहे आणि त्याची मुलगी कॅलिफोर्नियात राहते, असे समजू. तिथे १९९६ पासून डॉक्टरांच्या शिफारशीवर रुग्णाला गांजा वापरता येतो. "बाबा, तुमच्याकडे अर्ज कुठे करायचा?" असे तिने विचारले, तर उत्तर काय द्यायचे?

कायदा मुळात आड येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ८ वैद्यकीय व शास्त्रीय उपयोग वगळून बंदी घालते. कलम १० गांजाबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. भांगेची नुसती पाने तर व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून वैद्य विजयायुक्त औषध लिहून देतात. मात्र गांजासाठी पात्र आजार कोणते, मात्रा किती, देखरेख कोणाची, हे ठरवून रुग्णाची नोंद करणारी व्यवस्था इथे नाही.

मॉर्फिनचेही असेच झाले होते. राज्यागणिक निरनिराळे परवाने, आणि तोवर कर्करोगाचा रुग्ण तळमळत पडलेला. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक' औषधांचा वर्ग केला, मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकच परवानगी पुरेशी ठरली. यात २९ वर्षे गेली!

सरसकट विक्रीचा मी पुरस्कर्ता नाही. गांजाचा गुण सर्वच आजारांत सिद्ध झालेला नाही, व्यसनाचा धोकाही खरा आहे. परंतु मोजक्या आजारांपुरती, तज्ज्ञांच्या सहीने चालणारी नोंदणी करणे राज्याला अशक्य नाही. तोवर या गृहस्थाने वेदनेपोटी पुडी विकत घेतलीच, तर ती किलोच्या आत असूनही कलम २० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.