प्रतिकृती की पुतळा?

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा आज देशभर बोलबाला आहे. परंतु ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटारही विजेवरच चालत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १८९९ साली पॅरिसजवळील आशेर येथे बेल्जियमच्या कामीय जेनात्झी याने ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’, या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. तिच्या प्रतिकृतीही पुढे घडवल्या गेल्या.

केवळ बाह्यरूपाची प्रतिकृती हा पुतळाच होय. या गाडीचा सांगाडा टॉर्पेडोसारखा निमुळता होता. चालक मात्र त्यातून बराच वर डोकावत असे आणि चाकेही उघडी होती. मग त्या आकाराचा लाभ कितपत झाला? वेग दुप्पट झाला, की हवेच्या विरोधावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. मूळ गाडी पळवून तिचा नाश ओढवून घेणे योग्य नाही. चालत्या प्रतिकृतीचा वीजपुरवठा तोडून, चाके एकदा उघडी व एकदा झाकून, ती किती अंतरात मंदावते हे मोजता येते.

मात्र तिच्यात शिसे-आम्ल बॅटरीऐवजी लिथियमची बॅटरी बसवली, तर वजन बदलते आणि प्रयोगही बदलतो. मुळाबरहुकूम काय व बदललेले काय, याची नोंद प्रत्येक प्रतिकृतीसोबत जाहीर असावी. ती नसेल, तर गाडी कितीही वेगाने धावो, १८९९ विषयी ती काहीच सिद्ध करत नाही.