पट्टी कोणाच्या हाती?

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून ‘ग्रेपनेट’ आहे: बागेची नोंद, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे तिकडे माल अडला, तेव्हा सारी यंत्रणा खडबडून जागी झाली. त्याच नाशिकच्या मजुराच्या ताटातील वांग्यावर मात असा पहारा नाही. यंत्रे महाग, निकालाला वेळ लागतो, ही सबब ठरलेली.

ती सबब आता लंगडी पडू लागली आहे. सोन्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण द्रावणात सुटे असले की द्रावण लाल दिसते. ते एकवटले की निळे. मज्जातंतूंचे संदेश वेळीच थांबविणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यात योग्य पदार्थासह मिसळले की कण एकवटतात. ऑर्गॅनोफॉस्फेट विष असल्यास विकर निकामी होते, रंग लालच राहतो. फवारणी करणाऱ्याच्या देहातही त्या विषाचा घाला याच विकरावर पडतो. यवतमाळचे २०१७ मधील फवारणीचे बळी विसरण्याजोगे नाहीत.

अशी चाचणी केवळ संशय दाखविते; पक्का निर्णय प्रयोगशाळेचाच. परंतु कागदी पट्टीवर उतरलेली ही चाचणी एकट्या व्यापाऱ्याच्या खिशात गेली, तर भाव पाडायला त्याला आणखी एक निमित्त मिळेल आणि विष विकणारा नामानिराळा राहील. म्हणून ती बाजार समितीच्या आवारात, शेतकऱ्यादेखत, सरकारी खर्चाने व्हावी. आणि दोष आढळल्यास पहिली चौकशी ते औषध ज्याने विकले व ज्याच्या सल्ल्याने फवारले गेले, त्याची व्हावी.