आपले तीन गजानन

गजानन म्हटलं की मराठी माणसाला आधी देव्हारा आठवतो. आम्हाला या दिवाळीत आठवली ती तीन माणसं: एक नट, एक कवी आणि एक थोडा नट, बाकी सगळा कवी.

तिसऱ्याची ओळख करून द्यायला नको. १९३८ साली ‘ब्रह्मचारी’त किरकोळ काम करून सिनेमात शिरलेले माडगूळकर १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घेऊन घराघरांत पोचले आणि तिथून आजवर हललेले नाहीत.

गजानन जागीरदार अमरावतीचे. प्रभातचे रामशास्त्री म्हणून त्यांचं नाव झालं, पण आमचं मत ‘शेजारी’तल्या (१९४१) मिर्झाला. शांतारामबापूंनी तोच चित्रपट हिंदीत ‘पडोसी’ नावाने केला. त्यात हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मुसलमान मिर्झा पुन्हा जागीरदारच. शेवटी धरण फुटतं आणि दुरावलेले दोन मित्र एकमेकांचा हात धरून पाण्यात जातात. मराठी असो की हिंदी, जागीरदारांचा मिर्झा कुठेच उपरा वाटत नाही.

उरले गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७, श्योपूरचा. माडगूळकर ‘ब्रह्मचारी’त झळकले त्याच १९३८ साली हे इंदूरच्या आपल्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले. घर मराठी, कविता हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र १९२१ मध्ये इंदूरलाच जन्मले. ते मराठीत लिहू लागले, ‘नवी मळवाट’ त्यांचीच. एका घरात दोन भाषांचे दोन कवी, दोघेही आपापल्या भाषेत नव्या कवितेच्या पुढच्या फळीतले. माळव्यातल्या मराठी घराला याचं नवल वाटू नये; आपल्याकडेही स्वयंपाकघरात एक भाषा आणि ओट्यावर दुसरी चालतेच की! थोरल्यांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ १९६४ मध्ये आला. तो पाहायला ते राहिले नाहीत. पुढे मणि कौल यांनी त्यांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट काढला, म्हणजे या गजाननाचं नावही अखेर पडद्यावर आलंच.

आणि आपण? माडगूळकर तोंडपाठ, जागीरदार आवडते, मुक्तिबोध मात्र ‘हिंदीवाल्यांचे’. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. त्यांची कविता अवघड आहे, हे खरं. लांब, काळोखी, वाचकाला उलटतपासणीला उभं करणारी. पण जी हिंदी आपण रोज बोलतो, तिच्यातली कविता वाचायला अडचण कसली? पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा इंदूरच्या मराठी वाचकाला ती जवळची वाटायला हवी.

फराळ झाला, अंक चाळून झाला की मुक्तिबोधांची एक तरी कविता वाचा. जमल्यास मराठीत आणा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात तिच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

— संपादक